फाटकं जाळं, अडलेलं पान

जूनचा दुसरा आठवडा. देवबागच्या घरात, पडवीतल्या टेबलावर रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावरचा, लेख अडला होता. पहिला परिच्छेद अकरा वेळा लिहून खोडला होता. बाहेर पाऊस, आत कुकरच्या शिट्ट्या. तेवढ्यात दारात मासेवालीची हाक, "वयनी, सुके बांगडे हाडलंय, बघतास?" ती गेली की सासूबाई, "घराकच आसंस मा गो? गॅसवर दूध आसा, बघ जरा." घरून काम म्हणजे मोकळा वेळ, असंच सगळ्यांना वाटतं.

लेख अडला की दोष या हाकांवर जायचा. मग एका सकाळी काम तुटलं की वहीत रेघ मारत गेले. दुसऱ्यांनी मला चार वेळा उठवलं होतं; फोन मात्र मी आपणहून एकतीस वेळा उचलला होता. त्या दिवसापासून तो दुपारपर्यंत माजघरातल्या फडताळात असतो. आवाजाचं म्हणाल, तर इथून जवळच, कुडाळला, चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, खानावळ चालवत होते. माणसांच्या त्या राबत्यातच त्यांची कविता रुजली. १९५९ साली त्यांचा 'जोगवा' हा संग्रह आला. हे आठवल्यावर आवाजाला बोल लावायचं मी सोडलं.

फोन गेला, तरी पान हलेना. ते हललं शेजारच्या मांगरात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत शेजारचे काका जाळी दुरुस्त करतात. वाशाच्या खुंटीला जाळं अडकवलेलं, खालची कड पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेली, हातात नायलॉनचा दोरा गुंडाळलेली सुई. मला वाटलं होतं, भोक दिसलं की ते विणायला घेतील. त्यांनी आधी चाकू घेतला. भोकाभोवतीचे कुरतडलेले आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, एकेक करून कापले. वीतभर भोक हातभर झालं.

"काका, वाढवलंत कित्याक?"

"फाटलेला आदी कापूक व्हया, मगे ईणूक गावता. कुजक्या दोऱ्याक गाठ धरणा नाय."

घरी येऊन तो अडलेला पहिला परिच्छेद मी काढूनच टाकला. त्याच्याखालची चार वाक्यंही गेली. वाळूत दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं जिथे येतात, तिथून सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत दोन पानं झाली.

जेवणाची हाक आली की काका सुई उपसून ठेवत नाहीत. अर्ध्या आसात तशीच लटकत ठेवतात. परतल्यावर हात थेट तिथेच जातो. हेमिंग्वेनेही १९५८ साली छापून आलेल्या मुलाखतीत, पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच थांबावं, असं सांगितलं होतं. ते मी कधीच वाचलं होतं. पण अंगवळणी पडलं ते लटकणारी सुई रोज बघून. आता संध्याकाळी मी वाक्य अर्ध्यावर सोडते, क्रियापदाच्या अलीकडे. सकाळी वही उघडली की आधी तेवढं क्रियापद लिहायचं असतं.

नारळी पौर्णिमेला काकांनी समुद्राला नारळ दिला. दुसऱ्या पहाटे ते जाळं होडीत चढलं, तेव्हा मी पडवीत दिवा लावून कालचं वाक्य पुरं करत होते.