क्रॉसकंट्रीचा दावेदार कसा ओळखाल?

तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला गेलात, की धावण्याचा सराव करणारी महाविद्यालयीन मुले आपल्याला दिसत असतील. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीचा हंगाम आता जवळ आला आहे. यंदा पुढे कोण राहील, हे सांगताना केवळ पुणे शहराकडे पाहून चालत नाही; सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील महाविद्यालयेही येतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याचीच.

माझ्या मते, आरंभी सुसाट सुटणारा नव्हे, तर चढ संपताच ज्याचा श्वास लवकर स्थिरावतो तो खरा दावेदार. सांघिक निकालात धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. म्हणून सातत्याला मोल आहे.

आपले नातवंड धावत असेल, तर सकाळी उठताच त्याची नाडी मिनिटभर मोजून वहीत नोंदवा. ती काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी अधिक भरली, तर विश्रांती अपुरी असण्याची किंवा आजार येऊ घातल्याची शक्यता असते. लवकर थकणाऱ्या, निस्तेज दिसणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. तापात धावू देऊ नका. धावताना छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयतपासणीपूर्वी मुलाला स्पर्धेत उतरवू नका. शर्यत पुढच्या वर्षीही असते.