जमिनीवरच्या समजुती आणि फोमचे विमान

रेडिओने चालवावयाची लहान विमाने स्वतः बांधून उडविण्याचा छंद आता पूर्वीइतका कष्टसाध्य राहिलेला नाही. ज्यांनी बाल्सा लाकडाच्या फासळ्या कोरून, त्यांवर पातळ कागद ताणून, एकेका विमानापायी महिनेच्या महिने खर्ची घातले, त्यांच्या मानाने आजच्या नवशिक्याचे काम पुष्कळच सुकर झाले आहे. कारण फोमचा तक्ता, कटर, ग्लू गन आणि चिकटपट्टी एवढ्या सामग्रीवर थोड्या संध्याकाळींत उडण्याजोगे विमान उभे राहते. सामग्री सुलभ झाली, समजुती मात्र जमिनीवरच्याच राहिल्या. सायकल वा मोटार ज्या नियमांनी चालते त्याच नियमांनी विमानही चालत असावे असे गृहीत धरून नवशिका मैदानावर जातो, आणि विमान मोडले म्हणजे वाऱ्याला, मोटरीला किंवा स्वतःच्या हाताला बोल लावून घरी परततो.

यांतली पहिली समजूत पंखासंबंधीची आहे. पंख वरून फुगीर व खालून सपाट असल्यामुळे वरच्या हवेला अधिक अंतर कापावे लागते, खालच्या हवेची गाठ वेळेवर पडावी म्हणून ती वेगाने धावते, आणि म्हणून विमान उचलले जाते, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतूनही पिढ्यानुपिढ्या चालत आले आहे. पंखाच्या पुढच्या कडेशी विभागलेल्या हवेने मागच्या कडेशी एकाच क्षणी भेटावे असा कोणताही निसर्गनियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोहोचते. पंख हवेला खाली वळवितो, आणि तसे करताना त्याच्या वर दाब कमी व खाली अधिक होतो. उचल ती यातूनच उत्पन्न होते. म्हणूनच फोमचा निव्वळ सपाट तक्ताही, वाऱ्याशी किंचित तिरका धरला असता, उत्तम उडतो, आणि कसरतीची विमाने उताणी होऊनही आकाशात टिकतात. शिवाय, प्रवासी विमानाच्या पंखाला जी हवा लागते ती आपल्या वीत-दीड वीत रुंदीच्या पंखाला लागत नाही: वेग, रुंदी व हवेचा चिकटपणा यांचे जे गुणोत्तर रेनॉल्ड्स अंक या नावाने ओळखले जाते, ते तेथे कोटींच्या घरात तर येथे लाख-दीड लाखाच्या आसपास असते, आणि या लहान अंकाच्या मुलखात जाड, घोटीव पंखाचे मोठेपण बरेच ओसरते. रिचर्ड क्लाइन या न्यूयॉर्कच्या गृहस्थांनी कागदी विमानासाठी मधोमध पायरी असलेला पंख योजिला, फ्लॉइड फोगलमन यांच्यासह १९७२ मध्ये त्याचे पेटंटही मिळविले. मोठ्या विमानांनी त्या पंखाला कधी जवळ केले नाही, पण एकावर एक फोम चिकटवून तो सहज साधत असल्यामुळे हौशी मंडळींत त्याचा संसार अद्याप सुखाने चालू आहे.

फोम म्हणजे फोम, ही दुसरी समजूत खिशाला चाट लावते. दुकानदार ज्याला सनबोर्ड म्हणून देतो तो पुष्कळदा पाट्या रंगविण्याचा, पीव्हीसीचा जड तक्ता असतो. विमानाला हवा असतो तो दोन कागदांमध्ये फोम भरलेला हलका फोमबोर्ड. दोघांची जाडी सारखी असली तरी वजनात कित्येक पटींचे अंतर पडते, म्हणून नावावर न विसंबता तक्ता तोलून घ्यावा. थर्माकोल हलका खरा, पण ठिसूळ. त्यात बांबूची कामटी किंवा कार्बनची काडी घातल्यावाचून पंख वाकतो. विद्रावकयुक्त गोंद अथवा स्प्रेचा रंग लागताच तो विरघळतो, हे पुष्कळांना रंगरंगोटीच्या दिवशीच कळते. पांढरा फेविकॉल व पाण्यात कालवायचे रंग त्याला मानवतात.

परंतु ज्या एका समजुतीपायी सर्वांत अधिक विमाने पहिल्याच उड्डाणात निकालात निघतात, ती तोलाविषयीची होय. विमान सुबक बांधले, उजवा-डावा पंख सारखा झाला, म्हणजे उरलेले काम हातांचे, असे नवशिक्याला वाटते. आणि नाक जड झाले तर ते खाली कोसळेल या भयाने तो बॅटरी शक्य तितकी मागे सरकवितो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याचा गुरुत्वमध्य योग्य जागेच्या थोडा पुढे आहे ते विमान काहीसे सुस्त उडेल, अधिक वेग मागेल, उतरताना नाक सावरणे त्याला जड जाईल, तरी ते आज्ञेत राहील. उलट गुरुत्वमध्य मागे सरकला की झुळुकीने नाक जरा वर उचलले गेले असता ते आपोआप खाली येण्याऐवजी अधिकच वर जाऊ लागते, आणि तेव्हा कितीही निष्णात बोटे असली तरी त्यांना उसंत मिळत नाही. साध्या सरळ पंखाच्या विमानात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा. म्हणजे पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते ६ सेंटिमीटरवर. बॅटरीसकट संपूर्ण सज्ज विमान त्या रेषेवर दोन बोटांनी उचलून धरावे, आणि नाक किंचित झुकले तर समाधान मानावे. या तपासाला मिनिटभराहून अधिक वेळ लागत नाही. तरी मैदानावर पोहोचलेल्या उतावळ्या माणसाकडून एवढे एकच मिनिट कसे निसटते, हे कोडे मला सुटलेले नाही.

आता वेगाचा प्रश्न. रेडिओच्या ट्रान्समीटरवरची दांडी मागे ओढली की विमान वर जाते, ही समजूत निम्मीच खरी असल्यामुळे धडधडीत खोटीपेक्षा अधिक घातक आहे. या दांडीने हलणारा शेपटीवरचा एलिव्हेटर पंखाचा हवेशी होणारा कोन बदलतो. विमानाजवळ वेग शिल्लक असेल तोवर कोन वाढविल्याने ते चढते, पण चढता चढता वेग खर्ची पडतो, आणि तो कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहावयाचे सोडते व उचल ढासळते. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. मोटर बंद पडण्याशी तिचा काही संबंध नाही. ७०० ग्रॅम वजनाचे, १ मीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद पंखाचे विमान घेतले, तर सरळ उड्डाणात ही सीमा ताशी सुमारे २७ किलोमीटरच्या आसपास येते. तेच विमान ६० अंशांत कलवून वळविले तर पंखांवरचा भार दुप्पट होतो, आणि स्टॉलचा वेग ताशी ३८ किलोमीटरवर जाऊन बसतो. विमान पडू लागले की नवशिक्याचा हात उपजत बुद्धीने दांडी आणखी मागे खेचतो, आणि जो कोन आधीच मर्यादेबाहेर गेलेला असतो तो अधिकच वाढवितो. दांडी सैल सोडावी, नाक खाली जाऊ द्यावे, वेग आला की हलकेच सावरावे, एवढाच त्यावर इलाज आहे. पण त्यासाठी पायाखाली उंची हवी, म्हणून आरंभीचे उड्डाण जमिनीलगत करण्यात शहाणपण नाही. झाडाच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर केलेली चूक दुरुस्त होऊ शकते, डोक्याच्या उंचीवरची नाही.

वाऱ्यासंबंधीचा भ्रम तर अनुभवी मंडळींतही आढळतो. वाऱ्याच्या दिशेला वळताना मागून वारा लागून विमानाची उचल जाते आणि ते कोसळते, असे ठामपणे सांगितले जाते. धावत्या आगगाडीच्या डब्यात घोंघावणाऱ्या माशीला गाडी पुण्याकडे चालली आहे की मुंबईकडे याची जशी वार्ता नसते, तशीच स्थिर वाऱ्यात उडणाऱ्या विमानालाही वारा कोणीकडे वाहतो याची खबर नसते. त्याचा व्यवहार भोवतालच्या हवेशी. ताशी ४० किलोमीटर वेगाचे विमान ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याला सामोरे जाताना जमिनीवरून २० ने सरकताना दिसते, वळून वाऱ्याबरोबर निघाले की ६० ने धावते. पाहणाऱ्याला ते अवचित फार वेगाने चालले असे वाटते. तो वेग कमी करतो किंवा नाक उचलतो, आणि विमान हवेतला आपला खरा वेग गमावून स्टॉलमध्ये जाते. तरीही जमिनीजवळ वारा थरांथरांनी बदलतो व झाडांमागे भोवरे उठतात, म्हणून पहिल्या धड्यांसाठी शांत सकाळ निवडणेच इष्ट.

समोरून येणाऱ्या विमानाला डावी-उजवी उलटी होते, ती मात्र भ्रम नव्हे, खरी अडचण आहे. “डावा पंख त्याचा की माझा” असा विचार करीत बसण्यापेक्षा जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला दांडी न्यावी, म्हणजे तो उचलला जातो. हे संगणकावरील सिम्युलेटरमध्ये फुकटात घोटता येते, आणि त्याला पोरखेळ समजणारे लोक फोमबोर्डाच्या विक्रेत्यांना मोठे प्रिय असावेत.

लहान विमान सोपे असते, हाही एक निराधार समज. हातभर पंखाचे विमान झटके देते व थोड्या अंतरावर दिसेनासे होते, उलट मीटर-सव्वा मीटरचे, उंच पंखाचे विमान संथ राहते. मोटरीवरचा ‘केव्ही’ हा आकडा ताकदीचा समजू नये. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढेच तो सांगतो, आणि अधिक केव्हीच्या मोटरीला लहान पंखा लावावा लागतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरून संपवावी लागते ही कल्पना जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळची: येथे प्रत्येक सेल भरलेली ४.२ व्होल्ट, साठवणीत ३.८ च्या सुमारास आणि ३.३ च्या खाली कधीच नाही, असा बंदोबस्त ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

राहता राहिले सरकारी नियम. ड्रोनचे कायदे चार पंख्यांच्या यंत्रांनाच लागू होतात असे मानणारे एका टोकाला, आणि घरच्या मैदानावर फोमचे विमान उडवावयास वैमानिकाचा परवाना लागतो म्हणून छंदच सोडणारे दुसऱ्या टोकाला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अंमलात आलेले ड्रोन नियम मानवरहित विमान मात्रास लागू आहेत. तथापि २ किलोग्रॅमपर्यंतचे विमान अव्यापारी हेतूने उडविणाऱ्यास परवान्याची सक्ती नाही, आणि नजरेच्या टप्प्यात केवळ शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी उडविल्या जाणाऱ्या नमुना विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. नोंदणीची अट या सवलतींहून वेगळी. खरे बंधन जागेचे: हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत मुभा, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि लाल विभागात केंद्र शासनाच्या अनुमतीवाचून मनाई. लोहगावची हवाई धावपट्टी किंवा खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी जवळ असलेल्या पुणेकराने मैदान मोकळे दिसते एवढ्यावर न विसंबता ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा विभागांचा नकाशा पाहणे अगत्याचे आहे. तो एकदा पाहून भागत नाही, कारण पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरविण्याचा अधिकार आहे, आणि सभा किंवा मोठ्या पाहुण्यांचा दौरा असला म्हणजे तो वापरला जाऊ शकतो.