फाटकापाशी मधुमालती की तामण?
फाटकापाशी हातभरच जागा असेल तर डोळे झाकून मधुमालती लावा. संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं, मग गुलाबी, शेवटी लालभडक. एकाच घोसात तिन्ही रंग! रात्री सुवास दरवळतो आणि पतंग घिरट्या घालतात. छाटताना मात्र हात जपा. पान गळतं, पण देठाचा वाकडा काटा उरतो. त्याच्याच आधाराने ती वर चढते.

अंगण ऐसपैस असेल तर माझं मत तामणालाच. आपलं राज्यफूल! एप्रिल-मेच्या उन्हात झाड जांभळ्या तुऱ्यांनी भरून जातं. पाकळी बोटांत धरून पाहा, क्रेप कागदासारखी चुरगळलेली. फुलायला काही वर्षं थांबावं लागतं. रोप भिंतीपासून 10-15 फूट तरी लांब लावा.