गुणात्मक संशोधनातील क्षेत्रानुभवांची देवाणघेवाण : महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

पीएच.डी. प्रबंधातील ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण बहुधा सर्वांत नीटनेटके असते. मुलाखतींची संख्या, नमुना निवड आणि प्रश्नावलीचे स्वरूप यांची त्यात नोंद असते. परंतु कोणी बोलण्यास नकार दिला, कोणत्या प्रश्नावर घरात शांतता पसरली, कोणती मुलाखत फसली, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. गुणात्मक संशोधनात संशोधक हेच माहिती संकलनाचे प्रमुख साधन असल्याने अशा नोंदी गाळल्या की साधनाच्या मर्यादाही झाकल्या जातात. संशोधक विद्यार्थ्यांनी आपले क्षेत्रानुभव परस्परांना सांगणे का आवश्यक आहे, हे महाडच्या चवदार तळ्याच्या उदाहरणातून स्पष्ट करता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. अस्पृश्य वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा पसरून प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्य घालून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेत २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र १४ डिसेंबरच्या न्यायालयीन मनाई हुकुमामुळे पाणी घेण्याचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

स्मृती आणि दप्तर :

वरील घटनाक्रम दप्तरांत सुरक्षित आहे. क्षेत्रात जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मात्र मुलांनी व नातवंडांनी ऐकलेली हकीकत येते. मार्च व डिसेंबर या दोन परिषदा त्यात एकमेकींत मिसळणे स्वाभाविक आहे. ‘निवेदकाची चूक’ असा शेरा मारून नवखा संशोधक ती मुलाखत बाजूला ठेवतो. इटलीतील तेर्नी येथे लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला. अनेक कामगारांनी मात्र हा मृत्यू १९५३ च्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्याशी जोडून सांगितला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या तफावतीलाच अभ्यासाचा विषय केले. महाडच्या स्मृतीत पाणी आणि ग्रंथदहन एकाच दिवसाचे होत असेल, तर सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच लढा होता, असाही अर्थ संभवतो. अर्थात, तारखेची पडताळणी दप्तरातूनच करावी लागते.

न्यायालयीन निकालही संशोधकाला सावध करतो. तळ्याचा वापर फक्त सवर्णांनी करावा अशी पूर्वापार रूढी आहे, हा वादींचा दावा होता; अशी रूढी अनादिकालापासून असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही. ‘पूर्वीपासून असेच चालत आले’ हे वाक्य मुलाखतीतही वारंवार ऐकू येते. कोणाच्या आठवणीनुसार आणि केव्हापासून, हा पुढील प्रश्न विचारल्याशिवाय ते वाक्य पुरावा ठरत नाही.

क्षेत्रकार्यातील अडचणी :

दरवर्षी २० मार्चला महाडला मोठा जनसमुदाय लोटतो. अशा दिवशी ऐकू येणारे कथन अनेकदा सांगून सांगून घोटीव झालेले असते. आजोबा कोणत्या वाटेने आले, शिदोरी कोणी बांधली, परतल्यावर गावात काय घडले, अशा साध्या प्रश्नांनी ते कथन मोकळे होऊ शकते. महाड-पोलादपूर भागातील असंख्य कुटुंबे मुंबईला स्थलांतरित झाल्याने महाडच्या आठवणी मुंबईच्या चाळींतही शोधाव्या लागतात.

संशोधकाचे आडनाव हा मुलाखतीचा अलिखित पहिला प्रश्न असतो. समाजाबाहेरच्या विद्यार्थ्याला मोजके, जपून बोललेले उत्तर मिळते. समाजातील विद्यार्थ्याला ‘तुला तर ठाऊकच आहे’ असे सांगून मधला तपशील वगळला जातो. स्त्रियांची मुलाखत घेताना घरातील कर्ता पुरुषच उत्तरे देऊ लागतो. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण करून जातिदर्शक पेहराव व दागिने टाकण्याचे आवाहन केले. तो बदल गावोगावी कसा झाला, कोणाचा रोष पत्करावा लागला, हे स्त्रियांकडूनच कळू शकते. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींचे हे महत्त्व प्रस्थापित केले.

अनुभवकथनाची व्यवस्था :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी अभ्यासक्रम-कार्य अनिवार्य केले. पुढे संशोधन व प्रकाशन नीती हा विषय आला. त्याचा भर प्रामुख्याने प्रकाशनाच्या शिस्तीवर आहे. क्षेत्रातील कोंडीची चर्चा विभागालाच घडवावी लागते. त्यासाठी संशोधन केंद्रात महिन्यातून एक बैठक पुरेशी आहे. विद्यार्थ्याने क्षेत्र-रोजनिशीतील एक फसलेला प्रसंग आणि मुलाखतीचा एक उतारा मांडावा. इतरांनी प्रश्न कसा विचारला गेला, याची चिकित्सा करावी. निवेदकाचे नाव, गाव व ओळखीच्या खुणा या चर्चेतही झाकलेल्या असाव्यात. प्रबंधासाठी दिलेली संमती ही बैठकीतील चर्चेसाठीची संमती नव्हे. मार्गदर्शकाने स्वतःचा चुकलेला प्रसंग प्रथम सांगितल्यास विद्यार्थ्यांचा संकोच कमी होतो.

समारोप :

क्षेत्रातील अपयश एकट्याने सोसले तर ते विद्यार्थ्याला वैयक्तिक उणीव वाटते. सर्वांसमोर मांडले तर त्यातून पद्धती घडते. चवदार तळ्याचा लढा सार्वजनिक पाण्यावरील समान हक्काचा होता. त्या लढ्याच्या आठवणी गोळा करणाऱ्याने सांगणाऱ्याचा आपल्या कथनावरील हक्क मान्य करावा, ही या संशोधनाची किमान अट होय. ती प्रबंध लिहिताना नव्हे, तर पहिल्या मुलाखतीला निघण्यापूर्वी विद्यार्थ्याला उमजली पाहिजे.