हृदयविकार कोणाचा रोग?

हृदयविकार म्हणजे गादीवर बसून तुपाशी खाणाऱ्यांचा रोग, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. कामगारसभांतून आम्ही तसे बोललोही आहोत. वाचन वाढले तसे ते शब्द गिळावे लागले.

१९७० च्या सुमारास या रोगाने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त होते ते फिनलंडात, आणि तेथेही पूर्वेकडील उत्तर कारेलिया प्रांतात. हे लोक कोण? लाकूडतोडे आणि लहान शेतकरी! अंगमेहनतीत कोणाला हार न जाणारे. पण पावावर लोण्याचा थर, साय न काढलेले दूध, भरपूर मीठ आणि वर तंबाखू. १९७१ साली तेथील लोकांनीच सरकारकडे अर्ज केला. पुढल्या वर्षी डॉ. पेक्का पुस्का हे तरुण डॉक्टर कामाला लागले; दवाखान्यात बसून नव्हे, तर गृहिणींच्या मंडळांतून, दुकानांतून. नव्या औषधांचाही पुढे हातभार लागलाच. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हे मृत्यू चार पंचमांशांनी घटले. अमेरिकेतही १९६८ नंतर उतार लागला. उलट रशियात १९९१ नंतर संसाराची घडी विस्कटली, तेव्हा आकडा झपाट्याने चढला.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील पाहणी १९६७ साली सुरू झाली. बड्या साहेबांपेक्षा तळच्या शिपायांत हे मरण तिपटीहून अधिक निघाले. सिगारेटचा हिशेब वजा केला तरी बराचसा फरक उरलाच. साहेबाच्या डोक्याला ताप म्हणून त्याला झटका येतो, हे आम्ही किती ऐकले होते! आपले काम केव्हा नि कसे करावे हे ठरविण्याची मुभा शिपायाला नसते. संशोधकांनी पुढे याच गोष्टीकडे बोट दाखविले. गेल्या मागणीपत्रात पगारवाढीखाली आम्ही ते कलम घातले.