पावरी चर्चमध्ये वाजवावी का?

मंडळी, सुरगाण्यात या विषयावर बोलायचं तर सुरुवात पावरीपासूनच करू. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते आणि तिच्या सुरावर लोक नाचतात. म्हणून ख्रिस्ती झालेल्या घरात प्रश्न निघतो: हीच पावरी चर्चमध्ये चालेल का? बापाला वाटतं, ती सोडली तर आजा-पणजा सुटले. लेकाला वाटतं, ती वाजवली तर आपण मागे फिरलो. दोघांचंही मन दुखतं.

हा पेच फक्त आपलाच नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्च-संगीताचे नियम घालून दिले. त्यात ढोल-झांजांना मनाई होती, आणि पियानोलाही! पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यावे. म्हणजे साठ वर्षांत वाद्यांकडे बघण्याची नजर बदलली.

आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत हे काम त्याआधीच सुरू झालं होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. टाळ तर वारकऱ्यांचा, तरी तो ख्रिस्ती भजनात परका वाटत नाही.

मग शुद्धता असते कुठे? संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये कबुली देतात की, शब्दांपेक्षा सूरच जास्त भावला तर त्यांना पाप केल्यासारखं वाटे. तरीही त्यांनी गाणं बंद करा असं म्हटलं नाही. आमोस संदेष्टा तर त्याहून कडक. गरिबाला तुडवणाऱ्यांची गाणी देवाला नकोत, असं तो बजावतो. तिथे दोष वीणेचा नाही, वागण्याचा आहे.

आता आपल्याकडे बघा. द्राक्षबागेत मजूर नेणारा मुकादम मजुरी बुडवतो आणि रविवारी पेटीवर गोड गीत वाजवतो. ते संगीत शुद्ध म्हणायचं का? पेटी चर्चची असली म्हणून काय झालं?

तेव्हा आम्ही एवढंच म्हणू: ज्याला पावरीने जुनी भीती आठवते, त्याच्यावर ती लादू नये. पौलानेही दुसऱ्याच्या दुबळ्या मनाला जपायला सांगितलंय. पण वाजवणाऱ्याला वाळीतही टाकू नये. गाण्याआधी वाद्य तपासण्यापेक्षा, कुणाचं देणं राहिलंय का ते तपासावं.