पक्क्या खबरेचा कच्चा हिशेब

फुटबॉलमधील सट्टा आणि रोमच्या एका भाजी-व्यापाऱ्याची फसगत

व्यापारात पडलेल्या प्रत्येकाला एक माणूस कधी ना कधी भेटतोच. तो जवळ सरकतो आणि हलक्या आवाजात सांगतो, "खबर पक्की आहे. पैसे लावा, बुडायचा सवालच नाही." पूर्वी ही खबर कापसाच्या भावाची नाहीतर मटक्याच्या आकड्याची असे. आता ती मध्यरात्री युरोपात चालणाऱ्या फुटबॉल सामन्याची असते आणि मोबाइलवर येते. खेळाडू खिशात आहेत, निकाल ठरलेला आहे, असे सांगितले जाते.

जुगार हराम आहे, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु चांगले हिशेबी लोकही येथे एक पळवाट काढतात. निकाल अगोदरच ठरला असेल तर तो जुगार कसला, तो तर सौदा झाला, असे ते म्हणतात. म्हणून आज आम्ही हा विषय निव्वळ व्यापाऱ्याच्या नजरेने तपासणार आहोत. सामना खरोखरच ठरवलेला असला, तर त्यात रक्कम घालणाऱ्याच्या पदरात काय पडते?

रोमचे दोन धंदेवाले

या प्रश्नाचे सर्वांत चोख उत्तर इटलीतील १९८० च्या प्रकरणात मिळते. ते 'तोतोनेरो' या नावाने ओळखले जाते. इटलीत त्या काळी 'तोतोकाल्चो' नावाचा सरकारमान्य खेळ होता. त्यात कुपनावर अनेक सामन्यांचे निकाल भरून द्यावे लागत. एकेका सामन्यावर पैसे लावायचे तर चोरट्या बुकीकडे जावे लागे. 'नेरो' म्हणजे काळा. या काळ्या बाजारावरून प्रकरणाला नाव पडले.

या प्रकरणाच्या मुळाशी कोणी मोठा गुंड नव्हता. मास्सिमो क्रुचानी हा रोममधील फळे व भाजीपाल्याचा घाऊक व्यापारी. अल्व्हारो त्रिंका हा हॉटेलवाला. लाझियो या रोमच्या नामांकित क्लबचे खेळाडू त्रिंकाच्या हॉटेलात जेवायला येत. जेवणाच्या टेबलावर ओळखी झाल्या आणि ओळखीतून सौदे ठरले. खेळाडूंनी ठरलेला निकाल द्यायचा, या दोघांनी बुकींकडे पैसे लावायचे आणि नफ्यातून सर्वांचे वाटे काढायचे.

वाचकांनी येथे जरा थांबून विचार करावा. या दोघांकडे ऐकीव खबर नव्हती. ते थेट खेळाडूंशी बोलत होते, त्यांना पैसे देत होते. याहून पक्की खबर कोणाला मिळणार? तरीही ते बुडाले. काही सामन्यांत ठरलेला निकाल लागलाच नाही. खेळाडूंना दिलेली रक्कम गेली, लावलेली रक्कम गेली आणि बुकींचे देणे डोक्यावर बसले. शेवटी मार्च १९८० मध्ये दोघांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयात जाऊन स्वतःच तक्रार दिली. आपण सामने ठरवले आणि आपलीच फसवणूक झाली, असा त्या तक्रारीचा मथितार्थ. फिर्यादी म्हणून गेलेल्या त्या दोघांनाही अटक झाली.

२३ मार्च १९८० च्या रविवारी, सामने संपताच, पोलिसांनी मैदानांवरूनच खेळाडूंना ताब्यात घेतले. पुढे मिलान व लाझियो हे दोन्ही क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले. मिलानच्या अध्यक्षांवर आजन्म बंदी आली. इटलीचा लाडका खेळाडू पाओलो रोस्सी याला तीन वर्षांची बंदी झाली. अपिलात ती दोन वर्षांवर आली. त्याने आरोप कायम नाकारला. बंदी संपवून तो परतला आणि १९८२ च्या विश्वचषकात सहा गोल करून त्याने इटलीला जगज्जेते केले. फौजदारी न्यायालयातून मात्र आरोपी सुटले. खेळातील अशी लबाडी हा इटलीच्या कायद्यात तेव्हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. तो १९८९ साली झाला.

खेळाडूला नाव परत मिळाले, क्लब पुन्हा वर चढले. भाजी-व्यापाऱ्याची रक्कम मात्र गेली ती गेलीच.

हमी कोणाची?

हे असे का झाले, ते समजून घेणे आम्हांस महत्त्वाचे वाटते. आपण माल उधारीवर देतो तेव्हा आपल्याजवळ काहीतरी आधार असतो. वहीतली नोंद असते, हुंडी किंवा चेक असतो, मधला दलाल असतो. काही नाही तरी समोरच्याची बाजारातली पत असते. ठरवलेल्या सामन्याच्या सौद्यात यातले काहीच नाही. अकरा विरुद्ध अकरा खेळतात; त्यातले दोघे-तिघे विकले गेले तरी बाकीचे मन लावून खेळत असतात. विकला गेलेला खेळाडू ऐनवेळी घाबरला, फिरला किंवा त्याने दुसऱ्याकडूनही पैसे घेतले, तर कोणाकडे दाद मागणार? बुकीला संशय आला आणि त्याने रक्कम दिली नाही, तर कोणत्या कोर्टात जाणार? आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे. जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. ज्या सौद्याची वसुली होत नाही, तो सौदा कसला?

निकाल नको, एक चेंडू पुरे

आता यातली नवी तऱ्हा. अख्खा सामना फिरवणे कठीण, म्हणून सामन्यातला एखादाच क्षण ठरवायचा. पहिला थ्रो-इन केव्हा, पहिला कॉर्नर कोणाला, पिवळे कार्ड कोणाला, यांवरही पैसे लागतात. यालाच स्पॉट-फिक्सिंग म्हणतात. 'यात कोणाचे काय बिघडते?' हा विचार खेळाडूला येथेच फसवतो.

इंग्लंडच्या साउदम्प्टन क्लबचा कसबी खेळाडू मॅट ल टिसिए याने २००९ साली आत्मचरित्रात स्वतःच एक कबुली दिली. एप्रिल १९९५ मध्ये विम्बल्डनविरुद्धच्या सामन्यात पहिला थ्रो-इन अगदी लवकर होईल, अशी पैज त्याने साथीदारांसह लावली होती. उशीर होईल तसा तोटा वाढणार होता. सामना सुरू होताच त्याने चेंडू बाहेर मारला, पण फटका हलका बसला आणि कटात नसलेल्या त्याच्याच जोडीदाराने चेंडू आत ठेवला. मग हा नामांकित खेळाडू चेंडू नुसता बाहेर घालवण्यासाठी घामाघूम होऊन मैदानभर पळत सुटला. सुमारे सत्तर सेकंदांनी चेंडू बाहेर गेला. नफा नाही, तोटा नाही. एका साध्या थ्रो-इनचीही हमी खुद्द खेळाडूला देता आली नाही, मग हजारो कोस दूर बसलेला खबऱ्या कशाची हमी देणार?

काहींनी तर खेळाडूंना बाजूलाच ठेवले. १९९७ साली लंडनमध्ये दोन सामन्यांच्या मध्येच मैदानाचे दिवे गेले. पहिला नोव्हेंबरात वेस्ट हॅम व क्रिस्टल पॅलेसचा, दुसरा डिसेंबरात विम्बल्डन व आर्सेनलचा. पूर्वेकडील सट्टाबाजारात उत्तरार्धात सामना बंद पडला तरी त्या क्षणीचा गुणफलक धरून हिशेब होत असे. फायद्याचा गुणफलक दिसला की दिवे घालवायचे, एवढाच हा उद्योग. फेब्रुवारी १९९९ मध्ये चार्लटनच्या मैदानावर तोच डाव टाकण्यासाठी तिथल्या एका सुरक्षा कर्मचाऱ्याला पैसे चारले गेले. तो डाव उघडकीस आला आणि माणसे तुरुंगात गेली.

कारागिराची किंमत

आमचे बरेचसे वाचक हातावर पोट असलेले कारागीर आहेत. त्यांनी टोनी के याची गोष्ट ध्यानात ठेवावी. १ डिसेंबर १९६२ रोजी शेफील्ड वेन्सडे क्लबचे तीन खेळाडू, के, पीटर स्वॉन व डेव्हिड लेन, यांनी इप्सविचविरुद्ध आपलाच संघ हरेल यावर पैसे लावले. संघ २-० ने हरला. प्रत्येकाला मिळाले सुमारे १०० पौंड. गंमत अशी की, त्याच सामन्यात के उत्तम खेळला म्हणून वृत्तपत्राने त्याची वाखाणणी केली होती.

या टोळीचा सूत्रधार जिमी गॉल्ड याने १९६४ साली पैसे घेऊन सारी कथा एका रविवारच्या वृत्तपत्राला विकली. ज्याने सौदा जमवला, त्यानेच साथीदारांनाही विकले. १९६५ च्या जानेवारीत गॉल्डला चार वर्षांची आणि त्या तिघांना चार-चार महिन्यांची कैद झाली. शिवाय फुटबॉलमधून आजन्म बंदी. स्वॉन व लेन यांच्यावरील बंदी १९७२ मध्ये उठली, तोवर त्यांची उमेदीची वर्षे निघून गेली होती. के हा तोवर एव्हर्टनकडून अजिंक्यपद जिंकून इंग्लंडच्या संघापर्यंत पोचला होता. वर्षानुवर्षे घासून मिळवलेले हुन्नर १०० पौंडांत गेले.

मग नफा कोणाचा?

नफा होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने आपल्या तपासाचे आकडे जाहीर केले. युरोपातील ३८० सामने संशयित, १५ हून अधिक देशांतील ४२५ जण संशयाच्या छायेत. टोळ्यांचा नफा ८० लाख युरोंहून अधिक आणि खेळाडू व पंचांना चारलेली लाच सुमारे २० लाख युरो. धागेदोरे सिंगापूरच्या टोळीपर्यंत पोचले होते. हा नफा अनेक देशांत माणसे पेरून, हजार जागी पैसे विखरून काढलेला होता. आणि तो कोणाच्या खिशातून आला? समोरच्या बाजूने पैसे लावणाऱ्यांच्या. यात खबर खरी ठेवायची ती टोळी स्वतःपाशी ठेवते. बाजारात विकायला येते ती खबर नव्हे, गिऱ्हाईक पकडण्याचा गळ असतो. सामना ठरलेला आहे हे खरोखर माहीत असणारा माणूस तुम्हांला फोन करून का सांगेल, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

प्रत्येक संशय खरा असतो, असेही नाही. तेव्हा वेस्ट हॅमकडून खेळणारा ब्राझिली खेळाडू लुकास पाकेटा याने मुद्दाम पिवळी कार्डे घेतली, असा आरोप २०२४ मध्ये झाला. जुलै २०२५ मध्ये चौकशी आयोगाने तो सिद्ध झाला नाही असा निर्णय दिला. म्हणून उगाच कोणाच्या इभ्रतीला हात घालू नये.

आपल्या देशात पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. परंतु कायदा दाराबाहेर उभा असतो. गल्ल्याच्या चाव्या आपल्या हातात असतात. दुकानातले पोर रात्री उशिरापर्यंत परक्या देशाचे सामने पाहत असेल आणि सकाळी रोजमेळ जुळत नसेल, तर त्याला दटावण्याआधी जवळ बसवावे आणि रोमच्या त्या भाजी-व्यापाऱ्याची हकिकत सांगावी. त्याच्याकडे गाळा होता, गिऱ्हाईक होते, रोज विकला जाणारा माल होता. खबरही पक्की होती.